प्राचार्यांचा लोकरी कोट

१९८६ सालच्या एप्रिलात लोहाऱ्याकडच्या एका कॉलेजात प्राचार्य देशमाने लोकरी कोट घालून बसत असत. वाचकहो, थट्टा नाही ही. बाहेर बाभळी करपल्या होत्या, दोन वर्षं पावसानं तोंड दाखवलं नव्हतं, आणि साहेबांना खोलीत थंडी वाजत होती.

विद्यापीठाची समिती येणार म्हणून संस्थेनं त्यांच्या खोलीला आणि शेजारच्या सभागृहाला एसी बसवले होते. समिती येऊन गेली, एसी राहिले. कोटाशिवाय प्राचार्य शोभत नाही, कोट घालायचा तर खोली गार हवी, आणि खोली गार झाली की कोट काढवत नाही. शिकलेल्या माणसाचं शहाणपण हे असं!

वीज दिवसातून चारच तास, अकरा ते तीन. ती आली की शिपाई पिराजी आधी दोन्ही एसी लावी. सभागृह रिकामं असलं तरी लावी, कारण एखादा पाहुणा आलाच तर? पिराजीची चांगुणा त्याच कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. घरातली कॉलेजात शिकणारी ती पहिली, आणि परीक्षा आठ दिवसांवर आली होती.

त्या दिवशी ग्रामपंचायतीच्या विहिरीवरची मोटर सांभाळणारा धुळाप्पा आला. दाराबाहेर चपला काढून म्हणाला, "साहेब, दोन डाव सांगून गेलो. तुमची यंत्रं सुरू झाली की डीपीवर व्होल्टेज पडतंय. मोटर नुसती गुरगुरती, पाणी उचलत न्हाय. टाकी भरली न्हाय की बायापोरी घागर घेऊन हिरीत उतरत्यात."

"अहो धुळाप्पा, हे कॉलेज आहे. इथं विद्यापीठाची माणसं येतात."

"सभागृहात आत्ता कोण बसलंय?"

"आत्ता कुणी नाही."

"मंग गार कुणासाठी करायलाव?"

प्राचार्यांनी फायलीत डोकं घातलं. "पिराजी, दार लाव. गार हवा बाहेर चाललीय."

पिराजीनं धुळाप्पाच्या तोंडावर दार लावलं. नोकरी होती, काय करणार?

तासाभरानं बाहेर ओरडा झाला, पण यंत्राच्या घरघरीत आत काही ऐकू आलं नाही. शेवटी कुणीतरी दारावर थापा मारल्या तेव्हा कळलं. चांगुणा विहिरीत उतरताना पायरीवरून घसरली होती. तळाला जेमतेम हातभर पाणी. पोर सरळ खडकावर आपटली.

जीपमधून तिला सोलापूरला नेलं. जीव वाचला. उजवा पाय गुडघ्यातून काढावा लागला आणि परीक्षा बुडाली.

पाचव्या दिवशी पिराजी कामावर आला. अकराला वीज आली. तो बटनापाशी गेला आणि तसाच उभा राहिला.

"काय झालं, पिराजी?"

"साहेब, रोज म्याच दाबत व्हतो की हे बटन. माझी लेक हिरीत उतरत व्हती अन् म्या इथं... आता दाबवंना. पायजे तर काढून टाका मला."

प्राचार्यांनी समोरची फाईल मिटली. मग उठले, कोट काढून खुंटीला अडकवला आणि वर्षभर न उघडलेली खिडकी दोन्ही हातांनी ढकलली. तापलेला वारा आत शिरला आणि त्याबरोबर दुरून विहिरीवरच्या मोटरचा आवाज आला. ती पाणी उचलत होती. तो आवाज त्यांनी त्या खोलीतून कधी ऐकलाच नव्हता. त्यांना रडू आवरलं नाही.

"बसा, पिराजी," ते म्हणाले. "दार तुम्ही लावलंत, पण लावायला मी सांगितलं होतं."

त्यानंतर दोन्ही एसी बंद झाले, वर्ग सकाळी सातला भरू लागले, आणि प्राचार्य साध्या सदऱ्यात दिसू लागले.

पुढच्या एप्रिलात चांगुणा त्याच सभागृहात परीक्षेला बसली, कुबडी भिंतीला टेकवून. घाम उत्तरपत्रिकेवर ठिबकत होता. प्राचार्य जवळ आले. "फार उकडतंय का, बाळ? आजच्यापुरता एसी लावू?"

"नको सर. अकरा वाजलेत. आईला पाणी भरू द्या."

वाचकहो, रिकाम्या खोलीतलं यंत्र बंद करायला आणि जरासा उकाडा सोसायला कुणाच्या लेकीचा पाय जायची वाट पाहू नका. आपल्या खोलीत येणारी वीज कुणाच्या तरी वाट्याची असते. बटन दाबण्याआधी आत कोण बसलंय आणि बाहेर कोण खोळंबलंय, एवढं विचारा. प्राचार्य शहाणे झाले, गावाची टाकी भरू लागली. चांगुणाचा पाय काही परत आला नाही.