समेटाचा शुक्रवार

माइकच्या लोखंडी स्टँडचा पहिला घाव गिर्राजच्या खांद्यावर बसला आणि त्याने माझे केस सोडले. तिथेच थांबायला हवं होतं. पण आमचे हे थांबले नाहीत. तो खाली पडल्यावर दुसरा घाव तोंडावर बसला, मग तिसरा. उभा जन्म बँकेत काढलेला, घरात झुरळ निघालं तरी मला हाका मारणारा माझा नवरा, प्रकाश साळवे, दातओठ खाऊन मारत होता. आणि खोटं कशाला बोलू, मला ते बघून बरं वाटत होतं.

तिलक नगरातल्या भाड्याच्या हॉलमध्ये आमची मराठी ख्रिस्ती उपासना चालते. नगर-जालन्याकडून बदलीने या हिंदी मुलखात आलेली आणि इथेच रुजलेली दहा-बारा घरं. त्या रविवारी दुसरं गीत चालू असताना जमाव दार तोडून आत घुसला. "धर्म बदलवाते हो?" असं ओरडत त्यांनी खुर्च्या भिंतीवर आपटल्या, पेटी फोडली, म्हाताऱ्या आनंदीबाईंच्या पाठीत लाथ घातली. धर्म कुणाचा बदलणार? आमची स्वतःची पोरं उपासनेला आणताना आमच्या नाकी नऊ येतात! त्या जमावात गिर्राज होता. दर रविवारी आम्हाला ई-रिक्षाने हॉलवर सोडणारा, मला आंटीजी म्हणणारा गिर्राज. त्यानेच माझे केस धरून मला दाराकडे फरफटत नेलं.

त्याचा जबडा मोडला, एक डोळा गेला. स्वतःच्या बचावासाठी मारलं, असं लिहून घेऊन पोलिसांनी यांना घरी पाठवलं. चर्चच्या मंडळीत तर यांचं कौतुकच सुरू झालं. पाळकसाहेब खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "देवाने तुमचा हात वापरला, प्रकाशभाऊ."

हे तडकले. "पहिल्या घावाला वापरला असेल. पुढचे दोन देवाच्या नावावर घालू नका."

आमच्या मंडळीचा एक शिरस्ता आहे. प्रभुभोजनाच्या आदल्या शुक्रवारी संध्याकाळी समेटाची सभा असते. ज्याचं कुणाशी वाकडं असेल त्याने तोवर जाऊन मिटवायचं, नाहीतर रविवारी द्राक्षरसाच्या पेल्याला हात लावायचा नाही. एरवी तिथे मिटायला असतं काय? अमकीने तमकीला बारशाला बोलावलं नाही, इतपत. पेले भरायचं, ताटातून फिरवायचं आणि नंतर धुवायचं काम वर्षानुवर्षं यांच्याकडे. हल्ल्यानंतर महिन्याभराने असा शुक्रवार आला, तेव्हा सकाळीच हे बूट घालून तयार झाले.

"कुठे निघालात?"

"चौमूंला. गिर्राजच्या घरी."

"डोकं ठिकाणावर आहे का? माझ्या अंगावर हात टाकला त्याने! आणि समेट मंडळीतल्या माणसांशी करायचा असतो."

"तसं कुठे लिहिलंय, सुनेत्रा? त्याचं तो बघेल. माझं मला मिटवू दे. तू येऊ नकोस."

मी गेलेच.

गिर्राज अंगणात खाटेवर बसला होता. दात तारेने बांधलेले, डोळ्यावर पट्टी. कोपऱ्यात ई-रिक्षा धूळ खात पडलेली. हे त्याच्यासमोर हात जोडून उभे राहिले. "गिर्राज, तू गिर गया, उसके बाद भी मैंने मारा. वो पाप था. माफ कर दे, भाई."

गिर्राजची बायको चुलीपासून उठून आली. "आँख लाए हो वापस?" असं किंचाळली आणि हातातला चिमटा तिने यांच्या कपाळावर हाणला. तेवढ्यात त्याचा भाऊ काठी घेऊन घरातून धावला. पहिली काठी गुडघ्यावर, दुसरी बरगडीवर. हे मातीत कोसळले. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून ठेवले होते. ते हात बघून माझा जीव तीळतीळ तुटला. मी कडेला पडलेला दगड उचलला आणि भावाच्या डोक्यावर नेम धरला.

"सुनेत्रा! खाली टाक तो!" हे तोंडातलं रक्त थुंकत ओरडले.

दगड टाकला मी. राग नाही टाकला.

"बस, भैया," गिर्राज बांधलेल्या दातांतून म्हणाला. तो धडपडत उठला, भावाच्या हातातली काठी काढून घेतली आणि माठातलं पाणी तांब्यात घेऊन यांच्या तोंडाला लावलं. हे घटाघटा प्यायले. मग त्याने तोच तांब्या माझ्यापुढे धरला. मान खाली घालून म्हणाला, "आंटीजी, मुझसे भी पाप हुआ."

घसा कोरडा पडला होता. तरी मी तोंड फिरवलं.

रविवारी कपाळाला पट्टी बांधून हे लंगडत लंगडत ताट फिरवत होते. त्याआधी पाळकसाहेबांनी दिलेला पेला यांनी डोळे मिटून घेतला, तेव्हा चेहऱ्यावर किती दिवसांनी समाधान दिसलं. मला हेवा वाटला त्यांचा. ताट माझ्यापुढे आलं. मी हात मांडीवरच ठेवला.

"माझं नाही मिटलं हो अजून," मी हळूच म्हणाले.

एरवी माझी समजूत काढल्याशिवाय न राहणारा हा माणूस ताट घेऊन पुढच्या रांगेकडे गेला.

उपासनेनंतर मोरीपाशी ते पेले धुवायला बसले. सगळे रिकामे, एकच भरलेला. तो त्यांनी ओतून दिला नाही. वर वाटी झाकली आणि तो बाजूला ठेवला.