वाढप्याची कंबर

मित्रांनो, मी एक जुने यंत्र आहे आणि माझ्या नावातच घोटाळा आहे. मला शॉकवेव्ह म्हणतात. शॉक म्हटले की लोकांना विजेचा करंट आठवतो, म्हणून पहिल्या दिवशी कितीतरी पेशंट रबरी चपला घालूनच पलंगावर चढायला बघतात! खरे तर मी कुणाला करंट देत नाही. माझ्या मुठीसारख्या भागात एक छोटी पोलादी गोळी आहे. हवेच्या दाबाने ती धावते आणि टोकावर आपटते. टक, टक, टक. तो धक्का कातडीतून आत, दुखऱ्या स्नायूपर्यंत पोहोचतो. एका खेपेला दोन हजार ठोके.

दूरदेशीच्या एका कारखान्यात माझे भाग जोडले गेले आणि खोक्यात बसून मी नाशिकला, पंचवटीतल्या एका छोट्या दवाखान्यात आले. फिजिओथेरपिस्ट स्नेहाताईंनी माझ्यापुढे नारळ फोडला. ते दिवस फार चांगले होते. दिवसभर वर्गात उभ्या राहणाऱ्या एक शिक्षिका टाच टेकवू शकत नव्हत्या. पाच-सहा खेपांनंतर त्या घाटाच्या पायऱ्या उतरून आल्या आणि पेढे घेऊन आल्या. त्यातला एक स्नेहाताईंनी माझ्यासमोर ठेवला. दर दसऱ्याला मला झेंडूचा हार पडायचा. मी फुशारून गेले होते, हे कबूल करते.

मग धोंडीरामकाका आले. ते सायखेड्याचे. गावातली फुले आणि भाजी टेम्पोत भरून रोज पहाटे नाशिकच्या बाजारात आणायचे. सोबत त्यांची बायको, छायाकाकू. "कंबर दुखती लय," काका म्हणाले. "टेम्पोत बसवत नाय. टेम्पोचा धंदा सुटला तर करायचं काय?"

स्नेहाताईंनी खुर्ची पुढे केली. काका बसले नाहीत. पलंगावर चढतानाही ते टेकले नाहीत. आधी गुडघा ठेवला आणि सरळ पालथे झाले. ते मी पाहिले, पण मला तोंड कुठे आहे?

कंबरेला जेल लावून ताईंनी मला चालू केले. मित्रांनो, एक गोष्ट मला वर्षानुवर्षांच्या कामाने कळते. दुखरी जागा ठोका बसताच दचकते, माणूस "हां, इथंच!" म्हणतो. काकांच्या कंबरेने हूं की चूं केले नाही. ती चांगली धडधाकट कंबर होती. मी तिच्यावर दोन हजार ठोके मारले.

तिसऱ्या खेपेला ताईंना शंका आली. त्यांनी मला बंद केले आणि हलक्या आवाजात विचारले, "काका, कंबरेच्या खाली, बसायच्या जागी, आतल्या बाजूला दुखतं का? संकोच करू नका. त्यावरही उपाय असतात."

छायाकाकू पुढे सरकल्या. "अहो, सांगा ना."

काकांनी मान उचलली. त्यांचे ओठ हलले. तेवढ्यात पडद्याच्या पलीकडून कुणीतरी मोठ्याने हसले. काकांच्याच गावचे निवृत्ती कोपर दाखवायला येऊन बाकावर बसले होते. "काय धोंडीराम! पंगतीत वाढून वाढून कंबर मोडली काय?" बाकावरचे सगळे हसले.

आमच्या आणि त्या बाकाच्या मध्ये फक्त एक कापडी पडदा होता. काकांनी पडद्याकडे पाहिले आणि मान पुन्हा उशीत घातली. "नाय ताई. कंबरच."

बाहेर पेशंट खोळंबले होते. ताईंनी दुसऱ्यांदा विचारले नाही. मला चालू केले, आणि मी मारत राहिले. टक, टक, टक. आजही त्या आवाजाची मला लाज वाटते. उठताना ताईंना वाईट वाटू नये म्हणून काका म्हणाले, "बरं वाटतंय जरा." पाचव्या खेपेनंतर ते आलेच नाहीत.

पुढे माझे ठोके मंदावले. दवाखान्यात नवे यंत्र आले आणि माझ्यावर जुनी चादर पडली. परवा ते नवे यंत्र बिघडले, म्हणून चादर निघाली. समोर छायाकाकू होत्या, खांदा धरून.

"काय उचललंत, काकू?" ताईंनी विचारले.

"भाजीचे क्रेट. टेम्पो विकला ना. आता मीच रिक्षातून आणते." काकूंनी बाहेर डोकावून पाहिले. पडद्यापलीकडे त्या दिवशी कुणी नव्हते. मग म्हणाल्या, "ताई, ह्यांची कंबर कधीच दुखली नाय. तुम्ही विचारलं व्हतं, तिथंच दुखायचं. आजून दुखतं. जेवतात बी उभ्यानंच. लग्नात पंगतीला बसता येत नाय, म्हणून आधीच वाढायचं भांडं हातात घेतात."

ताईंचा हात काकूंच्या खांद्यावरच थांबला. "त्यांना घेऊन या. उद्याच. तिथल्या दुखण्यातही काही जणांना ह्या ठोक्यांनी उतार पडतो. मी एकांतात तपासायची सोय करते."

"नाय यायचे. म्हणतात, ते मशीन करून झालं, त्यानं काय व्हत नाय. आता डॉक्टरचं नाव काढलं तरी उठून जातात."

ते मशीन म्हणजे मी. मित्रांनो, त्यांच्या दुखण्याला मी एकदाही शिवले नाही आणि तरी त्यांची आशा माझ्याच हातून मेली. नवे यंत्र दुरुस्त होईल, माझ्यावर पुन्हा चादर पडेल. त्याचे मला आता काही वाटत नाही. माझे ठोके परत घेता येत नाहीत, एवढेच वाटते.

काल निवृत्ती कोपर घेऊन पुन्हा आले होते. ताईंना कौतुकाने सांगत होते, "आमच्या धोंडीरामसारखा माणूस नाय बघा गावात. अख्खी पंगत जेवून उठली, तरी हा गडी टेकला नाय!"

मी निवृत्तींच्या कोपरावर टकटक करत राहिले.

मित्रांनो, माझी धूळ पुसा म्हणून मी हे सांगत नाही. पुढच्या वेळी पंगतीत सगळे बसले असताना एकच माणूस भांडे घेऊन उभा दिसला, तर त्याचे कौतुक करून जिलबी मागू नका. जेवणे उरकली की त्याला बाजूला न्या, जिथे कुणाच्या कानावर जाणार नाही अशा जागी, आणि विचारा, "काका, तुम्ही का बसत नाही?" तो "काही नाही" म्हणेल. तेव्हा निघून जाऊ नका. पुन्हा एकदा विचारा.