बावन्न मीटरवर काही नव्हतं

दाजी टॉवरवरून पडून गेले त्याला अठरा दिवस झाले, आणि आज तीच केबल पुन्हा तपासायला त्यांच्या मेहुण्यालाच पाठवलं होतं. कंपनीला कुणाच्या जाण्याचं सोयरसुतक नसतं.

दोघांची जोडी बारा वर्षांची. मेहुणा खाली यंत्र धरणार, दाजी वर चढणार. यंत्र अँटेनाच्या केबलमध्ये रेडिओलहर सोडतं. केबल जिथं बिघडली असेल तिथून लहर माघारी फिरते, आणि जाऊन यायला लागलेल्या वेळावरून यंत्र अंतर सांगतं. मात्र लहर प्रत्येक जातीच्या केबलमध्ये वेगळ्या वेगानं धावते, म्हणून केबलची जात आधी यंत्राला सांगावी लागते. एक बटण दाबायचं, बस. शेंबड्या पोरालाही जमेल.

त्या दिवशी यंत्रानं बावन्न मीटर सांगितलं होतं. दाजी तिथं पोचून ओरडले, "इथं काही नाही हो, मेहुणे! केबल ठणठणीत आहे, तुमच्या तब्येतीपेक्षा बरी!"

"यंत्र खोटं बोलत नाही, दाजी! मागच्या बाजूनं चाचपून बघा!"

मागं हात पोचेना, म्हणून दाजींनी कमरेच्या सुरक्षापट्ट्याचा हूक काढला आणि ते वाकले.

तेव्हापासून ताई गेलेल्या नवऱ्याशी भांडत होती. "कुणी सांगितलं होतं हूक काढायला? नको तिथं धाडस! नेहमीचंच!" दाजींचे बूट तिनं पलंगाखाली भिरकावले होते. मेहुणा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, समोर बसून नुसती मान डोलवायचा.

आज त्यानं पेटीतून यंत्र काढून सुरू केलं आणि त्याच्या पायांखालची जमीन सरकली. पडद्यावर दाजी पडले त्याआधीच्या टॉवरच्या केबलची जात निवडलेली होती. त्या दिवशी घाईत बदलायचीच राहिली होती. त्यानं बरोबर जात निवडली. आकडा झरकन खाली आला: एकोणचाळीस.

नवा चढणारा एकोणचाळीसवर गेला. "सापडलं!" तो वरून म्हणाला. "केबलमध्ये पाणी शिरलंय."

गप्प बसला असता तर कुणाला कानोकान खबर लागली नसती. यंत्र काही ताईकडे चहाला जाणार नव्हतं. पण दाजींना आणखी एक दिवस बोलणी खाताना ऐकणं त्याच्यानं होईना.

ताई स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. त्याचं सांगून झालं तेव्हा तिचे हात थांबले होते.

"म्हणजे तिथं काही नव्हतंच?"

"नव्हतं."

"आणि ते तसं म्हणाले होते?"

"हो. ओरडून म्हणाले होते."

"तरी वाकले. तुझा शब्द त्यांनी कधी मोडला नाही रे."

त्याला रडू फुटलं. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. आतल्या खोलीत जाऊन तिनं पलंगाखालून बूट ओढून काढले, मांडीवर घेतले आणि फडक्यानं पुसू लागली.

"चुकलं माझं," ती बुटांना म्हणत होती. "उगाच बोलले हो तुम्हाला."

दारात उभ्या असलेल्या भावाला ती काहीच म्हणाली नाही.