टेबलाच्या मापाचा मॉनिटर

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे आणि माझं डोकं अजून शांत झालेलं नाही. ऐकायचं असेल तर बसा, पण मी गोड बोलेन अशी आशा ठेवू नका.

कारखान्यात माझं फार कौतुक झालं होतं. बत्तीस इंचांची काच, फोर-के चित्र, कुठे डाग म्हणून नाही. सिनेमे, फोटो, नक्षीकाम निवांत दाखवावं यासाठी माझा जन्म. पळापळीचे खेळ हे माझं कामच नव्हे, आणि माझा वेग खोक्यावर छापलेलाही होता. पण खोका वाचतो कोण!

दुकानात ताई आली. घरातली थोरली मुलगी ती. सगळे तिला ताईच म्हणतात, म्हणून मीही. तिच्या कॉम्प्युटरमध्ये साधंसं ग्राफिक्स कार्ड होतं. खेळाचं चित्र रंगवून मॉनिटरला पुरवायचं, हे त्या कार्डाचं काम. त्याला पेलेल असा चोवीस इंची, फुल एचडी, सेकंदाला एकशे चव्वेचाळीस वेळा चित्र बदलणारा मॉनिटर तिने आधीच हेरून ठेवला होता. शिवाय स्वस्तही. शहराच्या गेमिंग संघाची निवड तोंडावर आली होती. ती घरूनच खेळायची होती, आणि ताईला त्या संघात जायचंच होतं.

सोबत तिचे काका होते. मॉनिटर ते घेऊन देणार होते, पुतणीला भेट म्हणून. काका शिंपी आहेत. त्या छोट्या मॉनिटरकडे बघून त्यांनी नाक मुरडलं. मग माझ्यासमोर उभे राहिले, गळ्यातली टेप काढली आणि मला आडवं-उभं मोजलं. ताईचं टेबल ते घरूनच मोजून आले होते. ताई कार्डाबद्दल काही सांगायला गेली, तर म्हणाले, "अगं, मी देतोय ना? मग मोठाच घे." विक्रेता तर टपूनच बसला होता. ताईने मान डोलावली. एवढ्या हौसेने देणाऱ्या माणसाचं मन कसं मोडायचं?

मला सांगा, या माणसाने जन्मात कधी गिऱ्हाइकाचं माप न घेता कापड कापलं असेल का? टेबलाचं माप घेतलं, माझं घेतलं. कार्डाला काय झेपतं ते विचारायला काय धाड भरली होती?

घरी आल्यावर पहिले काही दिवस मला डोक्यावर घेऊन नाचायचंच बाकी होतं. शेजारीपाजारी बघून गेले. मग ताईने खेळ लावला. माझ्या अंगावर छोट्या मॉनिटरच्या चौपट ठिपके. ते रंगवता रंगवता बिचारं कार्ड मेटाकुटीला आलं आणि चित्र अडखळायला लागलं. तिने चित्राची बारकाई कमी करून पाहिली, तर मी धुरकट दिसू लागलो. लांबचा खेळाडू म्हणजे नुसता ठिपका. त्यात सेकंदाला साठच्या वर चित्रं दाखवणं माझ्या बापजन्मात जमायचं नाही. खोका फोडला म्हणून दुकानदार परत घेईना. काकांना सांग, असं मी आतल्या आत ओरडत होतो. पण काकांनी विचारलं की ती हसून म्हणायची, छान आहे हो.

निवडीच्या दिवशी तिचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. समोरचा खेळाडू कोपऱ्यातून बाहेर यायचा आणि मी त्याला दाखवेपर्यंत तिचा खेळ संपलेला असायचा. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. ती ओठ चावून खेळत राहिली. यादीत तिचं नाव आलं नाही. आणि काका काय म्हणाले? सराव कमी पडला असेल. तेव्हा मला वाटलं, भिंतीवर टांगलेला असतो तर त्यांच्या पायावर तरी पडलो असतो, पण मला टेबलावर ठेवलेलं.

पुढच्या आठवड्यात ताईची मैत्रीण स्वतःचा छोटा मॉनिटर घेऊन आली. मला काढून भिंतीला टेकवलं. तेच कार्ड, तोच खेळ, आणि चित्र असं सुळसुळीत पळायला लागलं की दोघी बघतच राहिल्या. काका दारात उभे होते. त्यांना सगळं कळलं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"मी बदलून देतो," ते म्हणाले. "आत्ता चल, तुला हवा तो घेऊ."

"मॉनिटर मिळेल, काका," ताई म्हणाली. "संघातली जागा कुठून बदलून आणणार?"

काका खाटेवर बसले. तिने त्यांचं सांत्वन केलं नाही. बरं केलं तिने.

आता मी काकांच्या दुकानात असतो. गिऱ्हाइकांना कपड्यांचे नमुने दाखवतो, आणि झकास दाखवतो. लोक वाखाणतात. काका रोज मला स्वतः पुसतात. ताईची पुढची निवड वर्षभरानंतर.

मित्रांनो, कोणाला काही द्यायचं असेल तर आधी त्याला बोलू द्या. पुरतं बोलू द्या. तेवढा धीर नसेल तर कृपा करा, काही देऊ नका.