पांढरं तानालायू

माझा भाचा पोनिदी फुलं विकतो. ज्वालामुखी बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या गळ्यात तानालायूच्या जुड्या मारतो, 'कधीच न कोमेजणारं फूल' अशी पाटी लावून. माल खालच्या शहरातून रंगवूनच येतो, गुलाबी, निळा, पोपटी. खडकात वाढणाऱ्या साध्या पांढऱ्या फुलाला असलं सोंग देणाऱ्याला लाज नाही, अन् घेणाऱ्यालाही नाही.

यंदा माझ्या वारलेल्या बहिणीला, तुमिनाला, म्हणजे त्याच्या आईला, वर पाठवायचं ठरलं. पानाफुलांची बाहुली करायची, तिला तुमिनाचं लुगडं नेसवायचं, पुरोहिताने तुमिनाचा जीव तिच्यात बोलवायचा आणि मग ती जाळायची. बाहुलीत तानालायू नसेल तर जीव इथेच धुक्यात घुटमळत राहतो. बाहुली बहिणीने करायची, फूल मुलाने आणायचं.

त्याने दुकानातली गुलाबी जुडी आणली. वर मलाच शिकवायला लागला, की रंग काय, वरवरचा असतो, आणि आईला गुलाबी आवडायचा. आईला काय आवडायचं हे याला कधीपासून कळायला लागलं? मी त्याला डोंगरावरच्या खडकांकडे पिटाळलं.

संध्याकाळी ढोपर फोडून घेऊन आला. गड जिंकल्याच्या ऐटीत त्याने माझ्यापुढे एक भारा टाकला. फुलं पांढरी होती, खोटं कशाला बोलू. पण रानमोडीची. असल्या तणाला गायसुद्धा तोंड लावत नाही.

"हे काय आहे रे?"

"तानालायू. तूच म्हणालीस ना, पांढरं आण."

"ही रानमोडी आहे, पोनिदी."

"बरं मग? जळल्यावर कोण ओळखणार आहे, मावशी?"

असल्याशी बोलून तोंड कशाला विटाळा. कोयता घेऊन मी परसात गेले. तिथे दगडी बांधात माझं तानालायूचं एक झुडूप आहे. मला मूलबाळ नाही, म्हणून माझ्या बाहुलीसाठी मीच ते लावून ठेवलं होतं. सगळे तुरे कापले. इतक्या जुन्या झुडपाला पुन्हा फूट येत नाही, हे ठाऊक असून कापले.

तुमिना नीट गेली. पोनिदीने चारचौघांत गळा काढला, तेवढं त्याला चांगलं जमतं. परतताना माझा हात धरून म्हणाला, "मावशी, तू कसली काळजी करू नकोस. तुझ्या वेळी मी आहे ना. सगळं मीच बघीन."

मनापासून म्हणाला मेला. त्या दिवसापासून मला मरायची भीती वाटते.