एका ओळीचा शेरा

कुसुम भोयर हसली की चिडल्यासारखी दिसते, हे तिला पहिल्यांदा तिच्या पोरीनं सांगितलं. पुतणीच्या हळदीचे फोटो मोबाइलवर बघता बघता ज्ञानदा म्हणाली, "मम्मी, सब हँस रहे हैं और तुम दाँत पीस रही हो. किस पे गुस्सा थी?"

कुसुम कुणावरच चिडलेली नव्हती. त्या दिवशी ती मनापासून हसली होती, पण ओठांचे कोपरे काही केल्या वर गेले नव्हते.

मग बाकीचंही सुरू झालं. दुपारी तीनच्या पुढे डावी पापणी खाली यायची, समोरच्या एका माणसाचे दोन दिसायचे. संध्याकाळी पोळीचा घास चावता चावता जबडा असा थकायचा की तो हातानं धरून वर ढकलावा लागे. आवाज नाकातून येई. दीड वर्षात दोनदा चष्मा बदलून झाला, थायरॉइड तपासून झालं, 'या वयात होतंच बायकांना' हे ऐकून झालं, जाऊबाईंनी दृष्टही काढली. शेवटी मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांनी रक्त तपासून आजाराचं नाव सांगितलं: मायस्थेनिया ग्रॅव्हिस. नसांचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही. झोप झाल्यावर सकाळी माणूस ठीक असतो आणि जसजसं अंग वापरावं तसतशी ताकद उतरत जाते. आजार जन्मभराचा, पण औषधांनी बराचसा आटोक्यात राहणारा.

नाव कळलं तेव्हा कुसुमला वाटलं, सुटले एकदाची! आता तरी लोक विश्वास ठेवतील.

कसचं काय!

"सकाळी सहाले तर झपाझप पोळ्या लाटतेस," तिचा नवरा नरेंद्र म्हणाला. रेल्वेतला, शिस्तीचा माणूस. "संध्याकाळीच काहून हात गळतात तुझे? घड्याळ पाहून येते का बीमारी?"

"हो, घड्याळ पाहूनच येते," कुसुम म्हणाली.

तो हसला. तिनं गंमत केली असं त्याला वाटलं.

नवा रायपूरच्या एका संचालनालयात ती मुख्य लिपिक होती. स्थापना शाखा तिच्याकडे. रजा, बदल्या, बढत्या, सगळे कागद तिच्या टेबलावरूनच साहेबांकडे जात. तिथंही तीच गत. दुपारी तिनं डोळ्यावर हात ठेवला की पलीकडच्या टेबलावरून आवाज येई, "लो, मैडम का तीन बजे वाला बुखार आ गया." सगळे हसत. एकोणीस वर्षं ज्या शाखेत तिच्या शब्दाला वजन होतं, तिथं ती आता थट्टेचा विषय झाली होती.

डॉक्टरांनी तिला एक पत्ता दिला होता. जुन्या रायपूरमधल्या बूढ़ापाऱ्यात, तलावामागच्या गल्लीत विमला नावाच्या बांगडीवालीच्या घरी दर रविवारी सकाळी याच आजाराचे सहा-सात जण जमत. "जाऊन या," डॉक्टर म्हणाले, "मी औषध सांगू शकतो. दिवस कसा काढायचा ते ही माणसंच सांगतील." कुसुमनं महिनाभर टाळलं. आजारी माणसांत बसून आणखी आजारी व्हायचं, एवढंच होणार, असं तिला वाटे. पण एका शनिवारी घशात भात अडकला आणि ती घाबरली. रविवारी स्कूटर काढून ती गेली.

घर तळमजल्यावरच होतं. खोलीत बांगड्यांच्या पेट्या एका बाजूला सरकवून सतरंजी टाकलेली. विमला पन्नाशीची, छत्तीसगढी बाई. एक पापणी अर्धी मिटलेली, तरी चेहरा प्रसन्न.

"आ बहिनी, बइठ," ती म्हणाली. "इहाँ थके म लाज नइ हे." इथं थकण्याची लाज नाही, असं ती सांगत होती.

कुसुम बसायला वाकली आणि समोरच्या माणसाला पाहून तशीच थबकली. भिंतीला टेकून गुलाबराव ठवकर बसले होते.

आठ वर्षांपूर्वी हे गुलाबराव तिच्याच कार्यालयात लिपिक होते. हस्ताक्षर मोत्यासारखं, स्वभाव गरीब. त्यांनी रजेचा अर्ज दिला होता: दुपारनंतर डोळे मिटतात, हात वर उठत नाहीत, तपासण्या चालू आहेत. आजाराचं नाव तेव्हा कळलेलं नव्हतं. कुसुम तो अर्ज वाचून हसली होती आणि तिनं नोटशीटवर एक ओळ लिहिली होती: 'कर्मचारी कार्य से बचने का आदी है, आवेदन विचार योग्य नहीं.' थोडक्यात, माणूस कामचुकार. रजा नामंजूर झाली. वर त्यांची बदली थेट जगदलपूरला झाली. पुढं कधीतरी त्यांचा राजीनामा आला. तोही तिनंच फाइलला लावला आणि विसरून गेली.

ती मागं वळली.

"बसा बाई," गुलाबराव म्हणाले. त्यांनी तिला ओळखलं होतं. "गरमीतून आल्यावर आधी दहा मिनिटं कोणी बोलत नाही इथं. पाणी प्या."

ती बसली. गुलाबरावांकडे न बघता पाणी प्यायली.

त्या सकाळी तिला जे मिळालं ते दीड वर्षात कुठं मिळालं नव्हतं. गोळी जेवणाच्या पाऊण तास आधी घ्यायची, म्हणजे घास गिळता येतो. मोठं जेवण सकाळी, रात्री मऊ खिचडी. दोन दिसायला लागले की एक डोळा झाकायचा. दुसऱ्या कुठल्या दुखण्यासाठी डॉक्टरकडे गेलं तर आधी या आजाराचं नाव सांगायचं, कारण काही औषधं या आजारात घातक ठरतात. विमला जबडा हातानं कसा धरते ते दाखवत होती, आणि कुसुम बघतच राहिली. अगदी तसाच! आपण एकट्याच असं करतो असं तिला इतके दिवस वाटत आलं होतं.

तिसऱ्या रविवारी, सगळे उठल्यावर, ती गुलाबरावांसमोर जाऊन बसली.

"भाऊ, मले माफ करा."

"जगदलपूरले श्वास बंद झाला माझा," गुलाबराव म्हणाले. "रायपूरले आणलं ते घशात नळी घालूनच. एकोणीस दिवस मशीनवर होतो. त्यातच माझी माय गेली. 'गुलाब कुठं आहे' म्हणून विचारत गेली म्हणतात. नोकरी सुटली त्याचं काही वाटत नाही आता. पण माफी मागू नका बाई. ती नाही माझ्यापाशी. शोधली मी, खोटं काहून बोलू?"

कुसुम रडायला लागली. रडण्यानंही अंग गळून गेलं.

"रडू नका, दम लागेल," ते रागानंच म्हणाले. "येत जा रविवारी. गोळीची वेळ चुकवू नका. एवढं मी सांगू शकतो, बाकी नाही."

पुढच्याच महिन्यात तिच्या शाखेतला नवा लिपिक, सचिन, तिच्याकडे बघायचं टाळू लागला. मधल्या सुट्टीत तिनं त्याच्या टेबलावरची फाइल उघडली. तिच्याच नावाची नोटशीट होती. बदलीचा प्रस्ताव, ठिकाण अंबिकापूर. आणि खाली ती ओळ: 'कर्मचारी कार्य से बचने का आदी है.'

"सचिन, हे कोणी लिहिलं?"

पोरगा कावराबावरा झाला. "मैडम, साहब ने बोला था बनाने को. शब्द तो आपके ही हैं. कंप्यूटर में पुराना ड्राफ्ट पड़ा था, सब वही चलाते हैं. मैंने सिर्फ नाम बदला."

सब वही चलाते हैं! कुसुमनं संगणकावर शोधलं. आठ वर्षांत तीच ओळ, अक्षर न अक्षर, गुलाबरावांनंतर आणखी अकरा जणांच्या नावावर चढली होती. काही तिच्या सहीनं, काही इतरांच्या. कुणाला मिरगी, कुणाला कंप, कुणाचा एक हात लुळा पडत चाललेला. प्रत्येकानं अर्जात आपलं दुखणं लिहिलं होतं. प्रत्येकाला एकच उत्तर मिळालं होतं, आणि ते तिचं होतं. आपलीच ओळ आपल्या नावावर वाचेपर्यंत ती किती जणांच्या मानेवर बसली आहे, याचा तिला पत्ता नव्हता!

तिनं गुलाबरावांना फोन केला तो मदतीसाठी नव्हे. तिला फक्त कुणाला तरी सांगायचं होतं.

"उद्या तीनच्या पुढची वेळ घ्या साहेबाची," गुलाबराव म्हणाले. "मी येतो."

"तुम्ही? त्या इमारतीत?"

"येतो म्हटलं न."

दुसऱ्या दिवशी ते खरंच आले. सोबत विमलानं बर्फ भरून दिलेला थर्मास. साहेबांच्या खोलीत गेले तेव्हा साडेतीन वाजत होते आणि कुसुमची पापणी अर्ध्याहून खाली आली होती. साहेबांनी तिच्याकडे पाहून कंटाळल्यासारखा सुस्कारा टाकला. "मैडम, सुबह तो आप बिल्कुल ठीक रहती हैं."

गुलाबरावांनी रुमालात बर्फ गुंडाळला, कुसुमला डोळे मिटायला लावले आणि तो डाव्या पापणीवर धरला. "दो मिनट, साहब," एवढंच म्हणाले. खोलीत एसीचा आवाज तेवढा येत होता. दोन मिनिटांनी रुमाल काढला. कुसुमनं डोळे उघडले. पापणी वर गेली होती. जवळजवळ पूर्ण!

साहेब पुढं झुकले. "ये कैसे?"

"थंडाव्यानं नस-स्नायूचं काम थोड्या वेळासाठी सुधरते," गुलाबराव मराठीतच बोलून गेले, मग सावरले. "इस बीमारी में ठंडक से ताकत थोड़ी लौटती है, साहब. नाटक बर्फ से ठीक नहीं होता. डॉक्टर का कागज मैडम तीन बार लगा चुकी हैं. आपने पढ़ा नहीं."

साहेब फाइल चाळू लागले. "ठीक है. तबादला अभी रोक देते हैं."

"आणि बाकीचे अकरा जण?" कुसुमनं विचारलं, मग हिंदीत पुन्हा विचारलं. तिनं आणलेली यादी टेबलावर ठेवली.

साहेबांनी यादी तिच्याकडे परत सरकवली. "पुरानी फाइलें मत खोलिए मैडम. उसमें आपका भी नाम है."

बाहेर कॉरिडॉरमध्ये गुलाबराव भिंतीला धरून उभे राहिले. श्वास सांभाळून म्हणाले, "पाहिलं न बाई? दोन मिनिटाचं काम होतं. आठ वर्षांआधी कोणी दोन मिनिटं दिली असती तर मायले भेटलो असतो मी."

कुसुमनं ती यादी फाडली नाही. साहेब फाइल उघडणार नसतील तर आपण घरं शोधू, असं ठरवून रोज सकाळी, अंगात ताकद असते त्या तासाभरात, ती एकेकाचा पत्ता काढू लागली. पहिलं घर ब्राह्मणपाऱ्यात नत्थू शिपायाचं निघालं. त्याला मिरगी होती; अर्जात त्यानं लिहिलं होतं की गावाकडच्या चौकीवर एकटं ठेवू नका. दारात त्याची बायको उभी राहिली. "वो तो वहीं तालाब किनारे गिर गए थे, फिर उठे ही नहीं," ती म्हणाली. "तीन साल हो गए. आप कौन?" कुसुमनं आपण कोण ते सांगितलं. बाईनं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. एकदाही ओरडली नाही. कुसुमला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवशी ती घरी येऊन नुसती बसून राहिली. पुढच्या घरी जायचं धैर्य तिच्यात उरलं नव्हतं. रविवारी तिनं विमलाच्या खोलीत हे सगळं सांगितलं. कुणी तिची समजूत काढली नाही. गुलाबराव तेवढे म्हणाले, "दुसरं घर कोणाचं आहे? मी येतो संग. एकटीनं बोलता बोलता आवाज जाते तुमचा."

उरलेल्या दहांपैकी चार जण पुढं रविवारी येऊ लागले. आजार वेगवेगळे, पण ऐकून घेणारं कुणी नसणं सगळ्यांच्याच वाट्याला आलेलं. राधिका नावाची टंकलेखक होती, हाताला कंप असलेली. ती पहिल्यांदा आली तेव्हा तिनं कप दोन्ही हातांनी धरून आधी सगळ्यांकडे पाहून घेतलं. कुणी तिच्याकडे बघतच नाही हे लक्षात आल्यावर ती चहा प्यायली. तीन जणांनी यायला नकार दिला आणि कुसुमचा फोनही घेतला नाही. दोघांचा पत्ता लागला नाही. एक आधीच गाव सोडून गेला होता.

एका रविवारी नरेंद्र तिला न्यायला आला आणि दाराशी थांबला. आत विमला सांगत होती की संध्याकाळी तिला वेणी घालता येत नाही, म्हणून सून घालून देते. त्यानं ते सगळं ऐकलं. त्या संध्याकाळी घरी पोळ्या त्यानं लाटल्या. वाकड्यातिकड्या, अर्ध्या कच्च्या. कुसुमनं त्या दुधात भिजवून खाल्ल्या.

संचालनालयात तो मसुदा आता संगणकावर नाही. कुसुमनं स्वतः सचिनला शेजारी बसवून तो पुसायला लावला, आणि सांगितलं, "यापुढं रजेचा अर्ज आला की त्या माणसाले आधी खुर्ची द्यायची. दुपारी काय होते, सकाळी काय होते, सगळं विचारायचं. मग लिहायचं."

वाचकहो, असे अर्ज आपल्या सगळ्यांकडेच येतात. कधी ते कार्यालयातल्या टेबलावर येतात, कधी घरात, ताटावर बसलेल्या माणसाच्या तोंडून. प्रत्येक दुखणं जखमेसारखं दिसत नाही. जे सकाळी नसतं आणि संध्याकाळी येतं, तेही खरं असतं. त्या माणसाला आधी बसवून विचारा. त्याच्यासारखीच आणखी माणसं कुठं जमतात ते त्याला सांगा, कारण बळ त्याला तिथंच मिळतं. आणि आपल्या हातून चुकून शेरा लिहून झालाच असेल, तर ज्याच्यावर लिहिला त्याच्या दारात जा. तो माफ करेलच असं नाही. तरी जायचं.

गुलाबरावांनी कुसुमला अजून माफ केलेलं नाही. रविवारी मात्र तिला यायला उशीर झाला, तर ते सारखे गल्लीकडे पाहत राहतात.