भट्टीची अब्रू

बेकरीवाल्याला एकच शब्द झोंबला: ‘वाया’.

जावई हौसेने सांगत होता, “मामा, ही भिंत साधी नाही. कार्बनच्या धाग्यांचे थर दाबून केलीय. धुराड्याचा भार पेलेल, आणि भट्टीची जी उष्णता वाया जाते, तिच्यातून वीजही देईल. आतून तापली, बाहेरून कोमट राहिली, की झालं काम!”

“माझ्या भट्टीची उष्णता वाया जाते?”

“सगळ्याच भट्ट्यांची जाते हो.”

“सगळ्यांचं मला सांगू नका, जावईबापू.”

पण जावई पडला जावई. तीन वर्षं खपून त्याने ती भिंत घडवलेली. गुरुवारी त्याच्या कारखान्याच्या मोठ्या बाई येणार. भिंतीच्या विजेवर बारा दिवे लागले तर काम पुढे चालणार, नाहीतर स्वारी घरी बसणार. म्हणून बेकरीवाल्याने भट्टीची मागची भिंत काढू दिली आणि ही काळी, गुळगुळीत भिंत बसवू दिली. पहिल्याच दिवशी बाराही दिवे लागले. लेकीने टाळ्या पिटल्या. बेकरीवाला मात्र तोंड पाडून उभा. बारा दिवे म्हणजे बारा उणीदुणी, तीही चव्हाट्यावर!

बुधवारी बेकरी बंद. बेकरीवाला स्वतः थंड भट्टीत शिरला आणि नव्या भिंतीला आतून चार बोटं जाड माती लिंपून आला. देवाने दिलेला विस्तव, त्याची कणभर आच फुकट जाता कामा नये. शिवाय आच आत कोंडली, की दिवेही ढणाढणा लागतील, असा त्याचा भाबडा हिशोब.

गुरुवारी पाव असे फुगले की बघत राहावं. दिवे मात्र मेल्यासारखे. जावई तारा चाचपून घामाघूम झाला. तेवढ्यात सासूबाई भिंतीला टेकल्या. “अगबाई, आज किती गार!”

जावयाचे डोळे विस्फारले. “मामा, आत काही केलंत?”

“लिंपली. परक्या माणसासमोर शोभा नको म्हणून!”

बाईंनी घड्याळ पाहिलं. “दिवे लागणार नसतील, तर मी निघते.”

जावई नुसता खाली बसला. ते बेकरीवाल्याला बघवेना. त्याने लांब सळई उचलली, भट्टीच्या तोंडातून आत घातली आणि कालची माती धडाधड पाडली. हळूहळू भिंत तापली. एक दिवा लागला, मग दुसरा, आणि बघता बघता बारावा.

“एवढी उष्णता येते कुठून?” बाईंनी विचारलं.

सगळे बेकरीवाल्याकडे बघू लागले.

“वाया जाते, बाई. भरपूर वाया जाते.”

“तीस वर्षं हेच सांगतेय!” बायको म्हणाली. “इथे उभं राहून पाठ भाजून निघते माझी. आज कबूल झाले एकदाचे!”

बाईंनी हसत कागदावर सही केली. मग जरा अडखळत म्हणाल्या, “आणखी सहा दिवे लावायचेत. आणखी थोडी वाया घालवता येईल?”

बेकरीवाल्याने आधी भट्टीचं दार लावून घेतलं, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. मग हळूच म्हणाला, “येईल.”